‘तुरळक ठिकाणी पाऊस’ म्हणजे आपल्या गावात का?

मे महिन्यात दुपारी दोन वाजता अकोल्याच्या टॉवर चौकात किंवा अमरावतीच्या राजकमल चौकात कान देऊन ऐका. तोंडाला स्कार्फ, डोळ्यांवर गॉगल, आणि प्रत्येकाच्या ओठांवर एकच वाक्य, ‘काय तपून राह्यलं बे!’ त्याच वेळी तुमच्या मोबाइलवर एक नोटिफिकेशन येतं: ‘विदर्भात तुरळक ठिकाणी उष्णतेची लाट, यलो अलर्ट.’ तुम्ही ते स्वाइप करता आणि रीलकडे परत जाता.

पण त्या एका ओळीत चार शब्द असे आहेत ज्यांना ठरलेली मापं आहेत. तुरळक किती, लाट कशाला म्हणायचं, यलो म्हणजे काय करायचं, हे सगळं आकड्यांत बांधलेलं आहे. आणि त्या आकड्यांवर तुमच्या क्लासची वेळ, बाबांची पेरणी, कधी कधी घरी येणारी नुकसानभरपाईही ठरते. म्हणून आज हे शब्द सोडवून घेऊ. परीक्षेत विचारणार नाहीत, पण जूनमध्ये नक्की विचारले जातील. घरूनच!

४४ अंश आहे, म्हणजे लाट आली का?

नाही. निदान मे महिन्यात अकोल्यात तरी नाही.

भारतीय हवामान विभागाचा, म्हणजे आयएमडीचा, नियम असा आहे. मैदानी भागात कमाल तापमान आधी ४० अंशांपर्यंत पोहोचलं पाहिजे. मग ते त्या दिवसांच्या सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी जास्त असेल तर उष्णतेची लाट, ६.४ पेक्षाही जास्त असेल तर तीव्र लाट. किंवा मग सरासरी बाजूला ठेवून थेट पारा बघायचा: ४५ झाला की लाट, ४७ झाला की तीव्र लाट. हे एका हवामान उपविभागातल्या किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस घडलं की दुसऱ्या दिवशी लाट जाहीर होते. आपला उपविभाग म्हणजे सगळा विदर्भ.

आता गंमत पाहा. मे महिन्यात अकोल्याचं सरासरी कमाल तापमानच ४२ अंशांच्या आसपास असतं. त्यामुळे ४४ हा आकडा सरासरीपेक्षा फक्त दोनच अंश वर. पुण्याचा माणूस ऐकून घाबरेल, पण नियमाच्या भाषेत ही लाट नाही. उलट मार्चमध्ये सरासरी ३७ च्या आसपास असताना पारा ४२ वर गेला, तर ती लाट ठरू शकते. हा कागदी खेळ नाही. मार्चमध्ये आपलं शरीर उन्हाला सरावलेलं नसतं. घाम येण्याची सवय, पाणी पिण्याची सवय, डोक्याला रुमाल बांधायची सवय, सगळं अजून लागायचं असतं. म्हणून मार्चमधला ४२ कधी कधी मेमधल्या ४४ पेक्षा जास्त माणसं आडवी करतो.

आणखी एक. बातमीतला ४५ हा आकडा सावलीतला असतो. वेधशाळेत पांढऱ्या रंगाची, झडपांच्या भिंतींची लाकडी पेटी असते. तिला स्टीव्हन्सन स्क्रीन म्हणतात. जमिनीपासून साधारण चार फूट उंचीवर, ऊन थेट लागणार नाही पण हवा खेळती राहील, अशा जागी तापमापी ठेवलेली असते. म्हणजे ते हवेचं तापमान. डांबरी रस्ता, टिनाचं छप्पर, उन्हात लावलेल्या गाडीची सीट यांचं तापमान त्याहून कितीतरी जास्त. कारच्या डॅशबोर्डवर ४९ दिसलं म्हणून ‘आयएमडी आकडे लपवते’ असा स्टेटस टाकू नका. दोघं वेगवेगळ्या गोष्टी मोजत असतात.

लाटेचा आकडा प्रशासनाच्या हातात गेला की काय होतं, हे अकोल्याने २०२४ मध्ये पाहिलं. मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात पारा ४५ च्या वर गेला आणि जिल्हा प्रशासनाने ३१ मेपर्यंत कलम १४४ लागू केलं. दंगल नाही, मोर्चा नाही, कारण फक्त ऊन. खासगी क्लासनी सकाळी दहा ते सायंकाळी पाच या वेळेत वर्ग घेऊ नयेत, कामाच्या ठिकाणी पिण्याचं पाणी आणि पंखे असावेत, असे निर्देश होते. उन्हाळी परीक्षेच्या दिवसांत दुपारचा पेपर देणाऱ्यांना यातली गरज वेगळी समजावून सांगायला नको.

दिवसाच्या उन्हाबद्दल सगळे बोलतात, रात्रीबद्दल कमी. कमाल तापमान ४० किंवा जास्त असताना रात्रीचं किमान तापमान सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी वर राहिलं, तर तिला ‘उष्ण रात्र’ म्हणतात. दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर उष्णता सोडतो, शरीराला सावरायला वेळ मिळत नाही. होस्टेलच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी हा शब्द लक्षात ठेवावा.

कूलर मेमध्ये राजा, जुलैत भिकारी

वऱ्हाडात कूलर नाही असं घर शोधावं लागेल. पण हाच कूलर जुलैत लावला की अंग चिकट होतं, गारवा काही मिळत नाही. यात कूलरचा दोष नाही. हा सापेक्ष आर्द्रतेचा खेळ आहे.

हवेला पाण्याची वाफ सामावून घ्यायची एक मर्यादा असते. हवा जितकी गरम, तितकी ही मर्यादा मोठी. दर अंशाला साधारण सात टक्क्यांनी ती वाढते. त्या मर्यादेच्या किती टक्के वाफ आत्ता हवेत आहे, हे सापेक्ष आर्द्रता सांगते. मेमधल्या दुपारी आपल्याकडे ती १५ टक्क्यांपर्यंत उतरते. म्हणजे हवा तहानलेली. कूलरच्या ओल्या जाळीतून ती गेली की पाणी शोषते आणि पाण्याची वाफ होताना उष्णता खर्च होते, हवा गार होते. जुलैत आर्द्रता ८० टक्के. हवेचं पोट आधीच भरलेलं. ती पाणी पिणार कुठून?

अशा ओल्या जाळीने हवा जास्तीत जास्त किती गार होऊ शकते, त्या मर्यादेला ‘ओल्या फुग्याचं तापमान’, वेट बल्ब, म्हणतात. तापमापीच्या फुग्याला ओलं कापड गुंडाळून ते मोजतात, म्हणून हे नाव. ४५ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असताना ते साधारण २४ येतं. ३३ अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला ते ३० च्या घरात जातं. पारा बारा अंशांनी खाली, तरी वेट बल्ब सहा अंशांनी वर!

आपलं शरीरही एक कूलरच आहे. घाम वाळला तरच गार होतं. वेट बल्ब ३५ अंशांना टेकलं तर सावलीत बसलेलं, धडधाकट माणसाचं शरीरही स्वतःला थंड ठेवू शकत नाही, ही शास्त्रज्ञांनी सांगितलेली सैद्धांतिक मर्यादा आहे. त्रास त्याच्या कितीतरी आधीच सुरू होतो. ॲपमध्ये दिसणारं ‘फील्स लाइक’ हे तापमान आणि आर्द्रता एकत्र करून काढलेलं असतं. पहिल्या पावसानंतर ऊन पडलं की जीव नकोसा का होतो, त्याचं उत्तर इथे आहे.

एक मिलिमीटर म्हणजे किती पाणी?

‘काल ४० मिमी पाऊस झाला’ असं वाचून डोळ्यांसमोर काहीच येत नाही ना? मग हे सूत्र धरा: एक मिमी पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लीटर पाणी. एका एकरावर एक मिमी म्हणजे सुमारे चार हजार लीटर. छोटा टँकरच की! ४० मिमी म्हणजे एकरी एक लाख साठ हजार लीटर. तुमच्या घराची गच्ची शंभर चौरस मीटर असेल आणि वर्षाला ८०० मिमी पाऊस पडत असेल, तर तिच्यावर ८० हजार लीटर पाणी पडतं आणि नालीत जातं.

धरणाच्या बातमीत ‘दलघमी’ असतं. दशलक्ष घनमीटर. एक दलघमी म्हणजे शंभर कोटी लीटर. अमरावतीला पाणी देणारं अप्पर वर्धा आणि अकोल्याला पाणी देणारं काटेपूर्णा, दोन्हींचे आकडे आता जरा नीट वाचता येतील.

पावसाच्या प्रती अशा: २४ तासांत २.५ ते १५.५ मिमी हलका, १५.६ ते ६४.४ मध्यम, ६४.५ ते ११५.५ जोरदार, ११५.६ ते २०४.४ अति जोरदार आणि त्याच्यावर अत्यंत जोरदार. २.५ मिमीपेक्षा कमी पडला तर तो दिवस ‘पावसाळी दिवस’ म्हणून मोजतही नाहीत. ढगफुटी हा शब्द तर आपण फारच स्वस्त करून टाकलाय. एका तासात साधारण २० ते ३० चौरस किलोमीटर भागात १०० मिमी पाऊस पडला, तर ती ढगफुटी.

आता सगळ्यात महत्त्वाचा आकडा: ६५. महसूल विभागाच्या भाषेत २४ तासांत महसूल मंडळात ६५ मिमी किंवा जास्त पाऊस झाला की ‘अतिवृष्टी’. पिकाचे पंचनामे, मदत, यासाठी हा आकडा बघितला जातो. मोजणी होते ती मंडळातल्या पर्जन्यमापकावर, तुमच्या वावरात नाही. आणि पावसाचा ‘दिवस’ रात्री बारा ते बारा असा नसतो. तो सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ असा असतो. समजा पहाटे चारला सुरू झालेला पाऊस दुपारी बारापर्यंत पडला. साडेआठच्या आधी ४० मिमी, नंतर ४० मिमी. वावरातून ८० मिमी पाणी वाहून गेलं, सोयाबीन लोळलं, पण नोंदवहीत ४० आणि ४०. दोन्ही दिवस ‘मध्यम’.

दुसरीही अडचण आहे. दहा दिवस रोज वीस-वीस मिमीची झड लागली तर ६५ चा आकडा एकदाही येत नाही, पण काळ्या मातीत पाणी साचून कपाशी पिवळी पडते. खारपाण पट्ट्यात तर पाणी मुरायलाच तयार नसतं. अशा नुकसानीसाठी राज्य सरकारने २०२३ मध्ये ‘सततचा पाऊस’ हाही राज्य आपत्तीत धरला. शब्द बदलला, व्याख्या आली, तेव्हा कुठे झड कागदावर दिसू लागली.

‘तुरळक’ आणि रंगांची भाषा

‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे कमी पाऊस असा आपला समज असतो. तो चुकीचा आहे. तुरळक हा शब्द जागांबद्दल बोलतो, पावसाच्या प्रमाणाबद्दल नाही. उपविभागातल्या २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर तुरळक ठिकाणी, २६ ते ५० टक्के असेल तर काही ठिकाणी, ५१ ते ७५ टक्के असेल तर बऱ्याच ठिकाणी, त्यापुढे बहुतेक सर्व ठिकाणी. त्यामुळे ‘तुरळक ठिकाणी अति जोरदार’ असा अंदाज पूर्ण शक्य आहे: जिथे पडेल तिथे धुऊन काढेल, शेजारच्या गावात धूळ उडत राहील. बडनेऱ्यात धो धो आणि कठोरा नाक्यावर कोरडं, हे तुम्ही अनुभवलंच असेल.

रंगांचंही तसंच. हिरवा: इशारा नाही. यलो: लक्ष ठेवा. ऑरेंज: तयारीत राहा. रेड: कृती करा. रंग किती पाणी पडेल हे सांगत नाहीत. धोका किती आणि तुम्ही काय करायचं, ते सांगतात.

त्यात सगळ्यात दुर्लक्षित इशारा म्हणजे ‘मेघगर्जना, विजा आणि सोसाट्याचा वारा’. उन्हाळ्यात जमीन तापते, गरम हवा वेगाने वर चढते, आणि दहा-बारा किलोमीटर उंचीचा क्युम्युलोनिम्बस ढग उभा राहतो. त्यातला पाऊस खाली पडताना सोबतची हवा गार, जड होऊन जमिनीवर आपटते आणि चारी बाजूंना पसरते. आपल्याकडे म्हणतात ते वावधन हेच. पावसाचा पहिला थेंब पडायच्या आधी ते येतं, आणि माणसं धावतात ती झाडाखाली, टिनाच्या शेडखाली. ९ एप्रिल २०२३ च्या संध्याकाळी अकोला जिल्ह्यातल्या पारसला हेच झालं. बाबूजी महाराज मंदिराच्या परिसरात वादळी पावसात कडुलिंबाचं मोठं झाड टिनाच्या शेडवर कोसळलं. शेडखाली आडोशाला असलेल्यांपैकी सात जणांचा जीव गेला.

विजेसाठी एक साधा हिशेब पाठ करा. आवाज एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद घेतो. चमक दिसली की मोजायला लागा. तीसच्या आत गडगडाट ऐकू आला, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. पक्क्या इमारतीत जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आजूबाजूच्या २० आणि ४० किलोमीटरमधल्या विजांचा इशारा देतं. वावरात काम करणाऱ्या घरच्या माणसांच्या फोनमध्ये ते आज टाकून द्या.

मृगाचा पाऊस की मान्सूनचा?

सात-आठ जूनला मृग लागतं आणि पंचांगात त्याचं वाहन बघितलं जातं. त्याआधी नवतपा. ही दिनदर्शिका सूर्य कोणत्या नक्षत्रात आहे यावर चालते, त्यामुळे तारीख दरवर्षी जवळपास तीच. मान्सून मात्र तारीख पाळत नाही. मान्सून म्हणजे मुळात ऋतूनुसार दिशा बदलणारे वारे. त्यामुळे चार सरी आल्या की मान्सून आला असं होत नाही. आयएमडी पावसासोबत वाऱ्याची दिशा, वेग, खोली आणि ढगांची स्थितीही बघते. त्याआधीचा विजा-वाऱ्यासह पडणारा पाऊस हा मान्सूनपूर्व, म्हणजे आपला वळवाचा.

हा फरक किती महागात पडतो, हे २०२५ ने दाखवलं. त्या वर्षी मान्सून २४ मे रोजीच केरळात आला, २६ मे रोजी मुंबईत. मुंबईसाठी ती नोंदीतली सगळ्यात लवकरची तारीख. सगळीकडे ‘मान्सून आला रे’ सुरू झालं. पण मेच्या अखेरीस त्याची वाटचाल थांबली आणि जूनच्या मध्यापर्यंत तो अडकून राहिला. अशा वेळी घाईने बी टाकलं की ते उगवून करपतं आणि दुबार पेरणीची पाळी येते. बियाणं पुन्हा, खत पुन्हा, मजुरी पुन्हा. म्हणून कृषी विभाग आणि अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ दरवर्षी सांगतात: ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्याशिवाय पेरणी नको. ‘मिमी’ समजलं असेल तर या सल्ल्याचा अर्थ आता लख्ख दिसेल.

मान्सून आल्यावरही तो सलग पडत नाही. बंगालच्या उपसागरातून कमी दाबाचं क्षेत्र मध्य भारताकडे सरकलं की आपल्याकडे झड. मान्सूनचा कमी दाबाचा पट्टा हिमालयाच्या पायथ्याशी गेला की ‘खंड’. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. ‘२१ दिवसांचा खंड’ हे शब्द त्या वर्षी गावागावांत ऐकू आले, कारण पीक विम्याची २५ टक्के अग्रिम रक्कम त्याच्याशी जोडलेली होती.

हवा, हवामान आणि ‘सरासरी’चा चकवा

शाळेच्या भूगोलात ‘हवा’ आणि ‘हवामान’ असे दोन वेगळे शब्द होते. बोलताना आपण दोन्हींना हवामानच म्हणतो आणि गोंधळ होतो. मेसमध्ये आज पाटोडी-रस्सा आहे, ही हवा. या मेसमध्ये वर्षानुवर्षं काय मिळतं, हे हवामान. ते ठरवायला किमान तीस वर्षांच्या नोंदी लागतात. म्हणून डिसेंबरमध्ये एका सकाळी दात वाजले म्हणजे ग्लोबल वॉर्मिंग खोटं ठरत नाही, आणि एक दुपार तापली म्हणून खरंही ठरत नाही. जगभरच्या केंद्रांची वर्षानुवर्षांची बेरीज बघावी लागते. त्या बेरजेत २०२४ हे नोंदीतलं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं. औद्योगिक काळाच्या आधीपेक्षा सुमारे दीड अंश जास्त.

एल निनो म्हणजे मध्य आणि पूर्व प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापणं. त्या वर्षी आपला मान्सून अशक्त होण्याची शक्यता वाढते, खात्री नसते. १९९७ मध्ये जबर एल निनो असूनही देशात पाऊस सरासरीइतका झाला, कारण हिंदी महासागराची स्थिती अनुकूल होती.

आणि ‘सरासरी’ हा शब्द तर फारच फसवा. देशासाठी जून ते सप्टेंबरची दीर्घकालीन सरासरी ८७ सेंटिमीटर; तिच्या ९६ ते १०४ टक्के पाऊस म्हणजे सामान्य. जिल्ह्यासाठी मात्र उणे १९ ते अधिक १९ टक्के, सगळं सामान्यच. समजा तुमच्या जिल्ह्याची सरासरी ७०० मिमी आहे. मग ५७० पडला तरी सामान्य, ८३० पडला तरी सामान्य. त्यातला अर्धा चार दिवसांत पडला आणि महिनाभर आभाळ कोरडं राहिलं, तरी सप्टेंबरअखेर तक्त्यात हिरवा रंगच दिसेल. कपाशीला बेरीज कळत नाही, तिला आठवडा कळतो.

मग आता करायचं काय?

नागपूरचं प्रादेशिक हवामान केंद्र रोज विदर्भाचा जिल्हानिहाय अंदाज देतं. ‘मौसम’ ॲपवर तो मिळतो, ‘मेघदूत’वर शेतीचा सल्ला. कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. सगळं फुकट आहे, मराठीत आहे. कमी आहे ती फक्त घरात बसून ते वाचून दाखवणाऱ्या माणसाची, आणि शिकलेलं पोरगं म्हणून ते काम तुमचंच.

सुरुवात एका प्रश्नाने करा. तुमचं वावर कोणत्या महसूल मंडळात येतं, आणि त्या मंडळाचं पर्जन्यमापक नेमकं कुठे बसवलंय? बाबांना विचारा, तलाठ्याला विचारा, सुटीत गावी गेलात की जाऊन पाहून या. आजूबाजूला झाड किंवा भिंत आहे का, तेही बघा, कारण आडोशातलं मापक कमी पाऊस दाखवतं. आणि यंदा जूनमध्ये घरी फोन कराल तेव्हा ‘पाणी आला का?’ एवढ्यावर थांबू नका. पुढचा प्रश्नही विचारा: ‘किती मिमी?’